कातळाच्या पोटात शिरणारे रडार

१८ एप्रिल १९९१ रोजी सकाळी स्वित्झर्लंडमधल्या रांडा या छोट्या गावाजवळचा डोंगर ढासळू लागला. सगळा कडा एका झटक्यात आला नाही. काही तास खडकांचे लोट एकामागून एक खाली येत राहिले. तीन आठवड्यांनी, ९ मे रोजी, उरलेल्या कड्याचा आणखी एक मोठा भाग गेला. दोन्ही वेळचा मिळून सुमारे तीन कोटी घनमीटर खडक दरीत उतरला. झेरमाटकडे जाणारी रेल्वे आणि रस्ता त्याखाली गेला, फिस्पा नदीचे पात्र अडले आणि तुंबलेले पाणी रांडाच्या सखल भागातल्या घरांत शिरले. सुदैवाने माणूस एकही दगावला नाही.

भूशास्त्रज्ञांची खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. कोसळलेल्या कड्याच्या वर, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, काही दशलक्ष घनमीटर खडक अजून उभा होता आणि वर्षाला एक-दोन सेंटिमीटर सरकत होता. पृष्ठभागावरच्या भेगा डोळ्यांना दिसत होत्या. त्या किती खोल जातात, आत एकमेकींना कुठे मिळतात आणि मिळून एखादा प्रचंड ठोकळा मोकळा करत आहेत का, हे वरून कळायला मार्ग नव्हता. हे शोधण्यासाठी झुरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी जी साधने डोंगरावर नेली, त्यांत एक होते भूभेदी रडार, म्हणजेच जीपीआर.

शहरात हे यंत्र अनेकांनी पाहिलेले असते. रस्ता खोदण्यापूर्वी खालची जलवाहिनी किंवा केबल कुठून गेली आहे हे पाहायला एक माणूस चाकांची ढकलगाडी फिरवत असतो, ते हेच. पुरातत्त्वज्ञ त्याच्या मदतीने गाडलेल्या भिंतींचा माग काढतात, अभियंते काँक्रीटमधल्या सळया मोजतात. पण वाकलेल्या, मुडपलेल्या, तुटलेल्या कातळात ते वापरायचे म्हणजे वेगळीच परीक्षा असते. तिथे कुठलीही ठरावीक आकाराची वस्तू शोधायची नसते. खडकातल्या एखाद्या फटीची दिशा, तिचा कल आणि तिच्यात काय भरले आहे, एवढेच हवे असते, आणि ती फट कधीकधी काही मिलिमीटरच रुंद असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला मुडपलेला कातळ सहसा पाहायला मिळत नाही. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टाने व्यापलेला आहे आणि लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेला हा दगड आजही जवळजवळ आडवाच आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे पट्टे म्हणूनच क्षितिजाला समांतर धावतात. नागपूर-भंडाऱ्याकडे मात्र चित्र पालटते. मनसरसारख्या मँगनीजच्या खाणी ज्या खडकांत आहेत ते अतिप्राचीन थर प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेखाली वाकले, एकमेकांवर घडी पडून बसले. सिंधुदुर्गातही बेसाल्टाच्या खालचा जुना नीस, म्हणजे पट्टिताश्म, उघडा पडलेला दिसतो.

खडक विरूप होण्याच्या ढोबळमानाने दोन तऱ्हा आहेत. जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, तापलेल्या अवस्थेत दाब आला तर दगड तुटत नाही, तो हळूहळू वाकतो. त्यातून वली, म्हणजे घड्या, तयार होतात आणि अभ्रकासारखी चपटी खनिजे एका दिशेत रांगेने बसून खडकात पापुद्रे पडतात. तोच खडक पुढे वर आला, थंड झाला की ठिसूळ बनतो. मग ताण आला की तो तडकतो. भेगा पडतात, आणि भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या तर प्रस्तरभंग तयार होतो. आल्प्समधल्या रांडासारख्या जागी या दोन्ही काळांच्या खुणा एकाच दगडात असतात. जुने पापुद्रे असतात, त्यांना छेदून जाणाऱ्या नव्या भेगाही असतात. डोंगर कुठून सुटेल हे बहुधा या दोहोंच्या छेदावर ठरते.

या आतल्या रचनेची चाहूल रडारला लागते ती विजेच्या गुणधर्मांमुळे. यंत्राचा एक अँटेना अत्यंत अल्पकाळाचा विद्युतचुंबकीय स्पंद जमिनीत सोडतो. स्पंद खाली जाताना जिथे पदार्थाचा विद्युत गुणधर्म बदलतो तिथे त्याचा काही अंश परततो आणि दुसरा अँटेना तो टिपतो. जाऊन यायला किती वेळ लागला हे नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांत, मोजले जाते. यंत्र थोडे पुढे सरकवायचे आणि पुन्हा स्पंद सोडायचा. असे शेकडो ठसे शेजारी-शेजारी लावले की जमिनीच्या उभ्या छेदासारखे एक चित्र तयार होते.

हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. ग्रॅनाइटमध्ये तेवढ्याच वेळात ती जेमतेम १२ सेंटिमीटर सरकते, आणि गोड्या पाण्यात तीनच्या थोडी पुढे. हा वेग ज्या गुणधर्मावर अवलंबून असतो त्याला पारविद्युत स्थिरांक म्हणतात. हवेसाठी तो १ धरतात. बर्फाचा तीन-चारच्या आसपास असतो, ग्रॅनाइट आणि नीस यांचा साधारण पाच ते सात, तर पाण्याचा तब्बल ८०. भक्कम नीसमधून जाणाऱ्या लहरीला वाटेत पाण्याने भरलेली फट लागली की तिला फार मोठा फरक भेटतो आणि प्रतिध्वनी जोरात परततो. फट कोरडी, हवेने भरलेली असेल तरी प्रतिध्वनी येतो, पण त्याची सुरुवात उलट दिशेने होते, म्हणजे आलेखावर जिथे शिखर हवे तिथे दरी उमटते. अनुभवी माणूस एवढ्यावरून फटीत पाणी आहे की हवा याचा अंदाज बांधू शकतो.

म्हणजे रडार दगड दाखवत नाही, दगडातला बदल दाखवते. एकसंध, भक्कम कातळ असेल तर चित्र जवळपास कोरे राहते. जिथे रेषा उमटतात तिथे काहीतरी मोडले आहे, वाहून आले आहे किंवा साचले आहे.

किती खोलवर दिसेल आणि किती बारीक दिसेल, यांत मात्र निवड करावी लागते. १०० मेगाहर्ट्‌झचा अँटेना ग्रॅनाइटमध्ये १.२ मीटर लांबीची लहर निर्माण करतो. दोन थर वेगवेगळे ओळखण्यासाठी त्यांच्यात लहरीच्या साधारण एक चतुर्थांश अंतर लागते, म्हणजे इथे सुमारे ३० सेंटिमीटर. या वारंवारतेला चांगल्या कोरड्या ग्रॅनाइटमध्ये वीस-तीस मीटरांपर्यंत पोहोचता येते. ५०० मेगाहर्ट्‌झ घेतले तर सहा सेंटिमीटरवरचे थर वेगळे दिसतील, पण खोली काही मीटरांवर येईल. खोल जायचे म्हणून २५ मेगाहर्ट्‌झवर उतरले तर एक मीटरपेक्षा जवळ असलेले दोन थर एकातच मिसळून जातील. एकटी फट असेल तर ती या मर्यादेपेक्षा कितीतरी अरुंद असूनही प्रतिध्वनी देते, पण तिची खरी रुंदी चित्रावरून मोजता येत नाही.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत गोटहेल्फ लाइमबाख आणि हाइनरिश ल्योवी यांनी १९१० साली जमिनीखालच्या गोष्टी विद्युतचुंबकीय लहरींनी शोधण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि त्यात त्यांनी अँटेना जमिनीवर नव्हे तर छिद्रांमध्ये उतरवण्याची कल्पना मांडली होती. १९२९ मध्ये डब्ल्यू. स्टर्न यांनी ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीची जाडी रेडिओलहरींनी मोजली. पुढे १९५०च्या दशकात ग्रीनलंडवर उडणाऱ्या विमानांचे रडार-उंचीमापक चुकीची उंची दाखवू लागले, कारण लहरी बर्फाच्या पृष्ठभागावरून न परतता आत शिरत होत्या. याच अनुभवातून बर्फाची जाडी मोजण्याचे नवे शास्त्र उभे राहिले आणि १९६०च्या दशकात केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन एव्हन्स यांनी त्याला आकार दिला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ यानातून चंद्राच्या कक्षेत गेलेल्या एका उपकरणाने चंद्राच्या भूमीत रडारलहरी सोडल्या.

कातळात पहिली मोठी मजल मारली ती मिठाच्या खाणींनी. मिठाचे जाड थर जमिनीखाली दाबाने वर सरकतात आणि त्यांचे घुमट तयार होतात. आतल्या थरांना विलक्षण वळणे पडतात. कोरडे खनिज मीठ रडारला जवळजवळ पारदर्शक असते. १९७०च्या दशकात जर्मनीतल्या खाणींत आणि अमेरिकेत टेक्सासच्या रॉबर्ट अंटरबर्गर यांनी मिठाच्या घुमटांत केलेल्या कामात लहरी शेकडो मीटर आतून परतल्या. खाणकामगारांच्या दृष्टीने ही जिवाशी जोडलेली माहिती होती, कारण मिठाच्या भिंतीपलीकडे पाणी किंवा वेगळा खडक कुठे सुरू होतो हे आधी कळले तर खाण बुडण्याचा धोका टळतो.

रडारच्या चित्रात दिसणारी रेषा आणि जमिनीतली फट एकच नसतात, आणि नवशिक्याची फसगत इथेच होते. एखाद्या बिंदूवरून, समजा फटीच्या टोकावरून, लहर परतली तर यंत्र अजून त्याच्या डोक्यावर पोहोचलेले नसतानाही तो प्रतिध्वनी टिपते, आणि पुढे गेल्यावरही टिपत राहते. चित्रात त्या एका बिंदूची कमान तयार होते. कललेल्या फटीच्या बाबतीत रेषा खऱ्या कलापेक्षा कमी कलते आणि जागाही सरकते. हे सगळे संगणकावर गणिताने पूर्वस्थितीत आणावे लागते. त्यासाठी खडकातला वेग नेमका माहीत हवा. तो मिळवण्यासाठी दोन अँटेना एकाच मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना दूर-दूर नेत मोजणी करतात.

सपाट शेतात हे गणित सोपे असते. डोंगरउतारावर यंत्र प्रत्येक ठिकाणी वेगळ्या उंचीवर, वेगळ्या कलाने उभे असते. रांडाच्या उतारावर ब्योर्न हाइन्के, अ‍ॅलन ग्रीन आणि सहकाऱ्यांपुढे हीच अडचण होती. उतार खडबडीत, मोठमोठ्या शिळांनी भरलेला. त्यांनी अँटेनाची प्रत्येक जागा स्वयंचलित थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने, मोजली आणि पृष्ठभागाची खरी उंचसखलता गणितात धरणारी पद्धत वापरून त्रिमितीय चित्र तयार केले. विखुरलेले दगड आणि खड्डे यांच्या गोंधळातून ज्या परावर्तनांत सुसंगती होती तीच निवडून काढली, तेव्हा खोल जाणाऱ्या भेगांचे पट्टे दिसू लागले.

तरीही एक अडचण उरली, आणि ती रडारच्या मुळाशीच आहे. पृष्ठभागावरचा अँटेना खाली पाहतो. एखाद्या खोलीत आरसा जमिनीशी काटकोनात सरळ उभा असेल आणि छतावरून टॉर्च खाली धरला, तर प्रकाश आरशाला घासून जाईल, परत येणार नाही. अगदी उभ्या फटीचेही तसेच होते. साधारण ४५ अंशांपर्यंत कललेली फट वरून चांगली दिसते, त्यापुढे प्रतिध्वनी बाजूला निसटू लागतो, आणि सरळ उभी फट तर तिच्या टोकांच्या पुसट कमानींखेरीज दिसतच नाही. डोंगरकड्यांच्या बाबतीत धोका बहुधा याच उभ्या फटींचा असतो, कारण कड्याच्या दर्शनी भागाला समांतर अशी फट पडली की तिच्या पुढचा खडक सुट्या भिंतीसारखा उरतो. वरून केलेल्या सर्वेक्षणात स्वच्छ चित्र आले म्हणून डोंगर भक्कम आहे, असे म्हणता येत नाही.

यावर उपाय एकच: अँटेना वेगळ्या दिशेला लावायचा.

रांडाच्या संशोधकांनी खडकात तीन बोअर घेतल्या, एक सुमारे १२० मीटर खोल आणि दोन ५० मीटरच्या आसपास. त्यांत सडपातळ रडार-अँटेना सोडले. उभ्या बोअरमधून लहर बाजूला जाते, त्यामुळे जी फट वरून नजरेआड होती ती आता समोरासमोर येते. थॉमस स्पिलमान आणि सहकाऱ्यांनी एका बोअरमधून परावर्तन घेतले, एका बोअरमधून दुसऱ्यात लहर पाठवून पाहिली, आणि जमिनीवरून बोअरमध्येही. पण बोअरमधल्या साध्या अँटेनाला चारही दिशा सारख्याच असतात. फट किती अंतरावर आहे आणि बोअरशी किती कोन करते हे तो सांगतो. ती पूर्वेला आहे की पश्चिमेला, हे सांगत नाही. म्हणून बोअरच्या भिंतींचे कॅमेऱ्याने छायाचित्रण केले गेले, पृष्ठभागावरच्या भेगांची होकायंत्राने नोंद घेतली गेली, आणि तिन्ही ठिकाणांहून जुळेल असाच अर्थ स्वीकारला गेला. त्याच उतारावर भूकंपलहरींची मोजणीही झाली. अभंग नीसमध्ये या लहरी सेकंदाला कित्येक किलोमीटर धावतात. इथे उतारावरच्या मोठ्या पट्ट्यात त्या दीड किलोमीटरपेक्षाही मंदावल्या होत्या. खडक आतून किती भेगाळलेला आहे याचा हा दुसरा, स्वतंत्र पुरावा होता.

फ्रान्समध्ये ग्रनोबलजवळच्या चुनखडीच्या कड्यांवर संशोधकांनी आणखी सरळ मार्ग काढला. मात्यू जानँ, स्तेफान गाराम्ब्वा, देनी योंगमाँस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात अँटेना कड्याच्या माथ्यावर नव्हे, तर उभ्या भिंतीवरच लावून वरखाली फिरवले. कड्यामागच्या उभ्या फटी भिंतीला जवळजवळ समांतर असल्याने लहर त्यांच्यावर समोरून आदळली आणि स्पष्ट परतली. चुनखडी रडारला बरीच अनुकूल असते, त्यामुळे भिंतीच्या आत बऱ्याच अंतरापर्यंत भेगांचा आकार मांडता आला. दोरावर लटकून करायचे हे काम कष्टाचे आणि धोक्याचे आहे, पण कोन बरोबर असला की काय साधते हे त्याने दाखवून दिले.

रडारच्या या कौशल्याला खाणमालकांनी बाजारभावही दिला. स्वयंपाकघरातला ओटा किंवा मंदिराची फरशी यांसाठी निघणाऱ्या दगडाचा ठोकळा एका आतल्या फटीने निकामी होतो. मार्क ग्रासम्यूक यांनी दक्षिण स्वित्झर्लंडमधल्या नीसच्या एका खाणीत जवळजवळच्या रेषांवर रडार फिरवून, तेलशोधात वापरली जाणारी त्रिमितीय प्रक्रिया करणारी संगणकप्रणाली त्या नोंदींवर चालवली आणि भेगांचे सलग पृष्ठभाग मांडले. हे काम १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ग्रीसच्या थासोस बेटावरच्या संगमरवराच्या खाणीतले फ्रेंच संशोधकांचे असेच काम प्रसिद्ध झाले. पुढे २००५ मध्ये ग्रासम्यूक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रेषांमधले अंतर लहरीच्या एक चतुर्थांशाहून जास्त ठेवले तर तिरप्या आणि उभ्या गोष्टींचे चित्र बिघडते. १०० मेगाहर्ट्‌झसाठी याचा अर्थ दर ३० सेंटिमीटरवर एक रेष. छोट्या मैदानाएवढ्या खडकासाठी कित्येक किलोमीटर चालावे लागते, तेही प्रत्येक पाऊल मोजून. पैसे वाचवण्यासाठी रेषा दूर-दूर टाकल्या की विरूप खडकातली माहिती सगळ्यात आधी हरवते.

भेगांमधून पाणी कुठे वाहते हा प्रश्न अणुकचरा पुरायच्या जागा शोधणाऱ्या देशांना जास्त भेडसावतो. स्वीडनमधल्या स्त्रीपा या बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीत १९८० ते १९९२ या काळात आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालला आणि बोअरमध्ये उतरवायचे रडार तिथे परिपक्व झाले. तिथला एक प्रयोग फार सुंदर आहे. ग्रॅनाइटमधल्या भेगांत खारे पाणी सोडले, आणि आधी व नंतर रडारची मोजणी केली. खारे पाणी विद्युतवाहक असल्याने जिथे ते पोहोचले तिथे लहर दुबळी झाली. दोन चित्रांतला फरक काढला की पाणी प्रत्यक्ष कुठल्या वाटेने गेले ते उमटले. कातळात भेगा शेकडो असतात. पाणी नेणाऱ्या थोड्याच असतात, आणि त्या कोणत्या हे या पद्धतीने ओळखता आले.

फिनलंडमध्ये ओल्किलुओतो इथे ऑनकालो हे अणुकचऱ्याचे कायमचे भांडार सुमारे ४३० मीटर खोलीवर, अतिशय जुन्या आणि मुडपलेल्या नीसमध्ये उभे राहिले आहे. त्याच्या बोगद्यांत भिंती आणि तळ रडारने तपासण्याचे प्रयोग झाले. हेतू असा की कचऱ्याचे डबे ठेवायची छिद्रे ज्या खडकात पाडायची तिथून एखादी मोठी भेग जात नाही ना, हे छिद्र पाडण्याआधी समजावे.

रडार निकामी कुठे ठरते हेही तितकेच स्पष्ट आहे. वीज सहज वाहून नेणारा पदार्थ लहरीची ऊर्जा शोषून घेतो. ओली चिकणमाती, खारे पाणी, ग्राफाइटचे थर इथे रडार मीटर-दोन मीटरांतच थिटे पडते. प्रस्तरभंगात दोन्ही बाजूंचे खडक घासून जी पिठूळ चिकणमाती तयार होते, तीही अशीच. म्हणजे प्रस्तरभंगाची कड दिसते, पण त्याच्या पलीकडचे झाकले जाते. महाराष्ट्रातली काळी कापसाची जमीन हे याचे ठळक उदाहरण. तिच्यातली चिकणमातीची खनिजे पाणी धरून ठेवतात, आणि भर पावसाळ्यात तर रडारची लहर तिच्यात विरून जाते. खालचा बेसाल्ट कितीही भक्कम असो, वरच्या दोन मीटर काळ्या मातीतून तो रडारला दिसणार नाही.

कोरडा, उघडा खडक जिथे आहे तिथे भारतात याचा उपयोग झाला आहे. वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांनी कच्छमधल्या कट्रोल डोंगररांगेच्या प्रस्तरभंगाचा उथळ भागातला कल तपासण्यासाठी रडार वापरले. कच्छचे वालुकाश्म आणि शेलचे थर वाकलेले, तुटलेले आहेत, आणि १८१९ व २००१च्या विनाशकारी भूकंपांनी या भागात प्रस्तरभंगांचा अभ्यास ही चैनीची गोष्ट ठेवलेली नाही. हिमालयाच्या पायथ्याशीही सक्रिय प्रस्तरभंगांवर चर खोदण्याआधी जागा नेमकी ठरवायला रडारची मदत घेतली गेली आहे. चर खोदून जुन्या भूकंपांच्या खुणा वाचायला खर्च आणि वेळ फार लागतो. तो चुकीच्या जागी पडू नये यासाठी रडारची एक रेषा पुरेशी उपयोगी पडते.

अनेक साधने एकत्र आणल्याशिवाय विरूप खडकाचे कोडे सुटत नाही, हे नॉर्वेतल्या ओक्नेसने सर्वांत स्पष्टपणे दाखवले. स्टुर्‌फ्योर्ड या खाडीच्या काठावरचा नीसचा प्रचंड उतार तिथे वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो आहे. तो खाडीत कोसळला तर उठणाऱ्या लाटा काठावरच्या गावांवर जातील. ही कल्पित भीती नाही. याच प्रदेशातल्या ताफ्योर्डमध्ये ७ एप्रिल १९३४ रोजी कडा कोसळून आलेल्या लाटेत ४० माणसे बुडाली होती. ओक्नेसचे भूशास्त्रीय प्रारूप २००८ मध्ये मांडले गेले तेव्हा त्यात पृष्ठभागावरची नोंद, बोअरमधून काढलेले खडकाचे नमुने, विद्युतरोध, भूकंपलहरी आणि भूभेदी रडार हे सारे होते. तिथल्या नीसचे पापुद्रे वाकलेले आहेत: वरच्या भागात उभट, खाली खाडीच्या दिशेने कललेले. वरची मोठी भेग उभट पापुद्र्यांच्या कलाने उघडली आहे आणि खालचा सरकण्याचा पृष्ठभाग अभ्रकाने भरलेल्या पापुद्र्यांना धरून जातो. कोट्यवधी वर्षांपूर्वी खोलवर पडलेली वली आज उतार कुठून सुटेल हे ठरवते आहे. रडारने वरचा भाग बारकाईने दाखवला, खोल भाग बोअर आणि विद्युतरोधाने. आता त्या उतारावर चोवीस तास देखरेख असते आणि गावे रिकामी करण्याच्या योजना तयार आहेत.

मंगळावर मात्र बोअर घेण्याची सोय नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सेव्हरन्स गाडीच्या मागच्या बाजूला रिमफॅक्स हे नॉर्वेत तयार झालेले रडार बसवलेले आहे. गाडी चालत असताना दर दहा सेंटिमीटरवर ते एक नोंद घेते. पहिल्या सुमारे तीन किलोमीटर प्रवासातल्या नोंदींचे विश्लेषण स्वाइन-एरिक हामरान आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. पंधरा मीटर खोलीपर्यंत थर दिसले, आणि काही ठिकाणी ते १५ अंशांपर्यंत कललेले होते. हे थर लाव्हारसात खनिजे खाली बसून तयार झाले की पाण्यात गाळ साचून, हे फक्त रडारवरून सांगणे अवघड होते. तिथेही उत्तराकडे नेले ते उघड्या खडकाने: गाडीच्या कॅमेऱ्यांनी पृष्ठभागावर तसेच कललेले थर टिपले होते आणि खडक खरवडून केलेल्या तपासणीत ते अग्निज निघाले होते.

सह्याद्रीसाठी या सगळ्यातून काय घेता येईल? ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तशा ठिकाणी सरकते ती मुख्यतः पाण्याने जड झालेली माती आणि कुजलेला मुरूम. चिकट, ओल्या मातीत रडार फारसे पुढे जात नाही, आणि तिथे पर्जन्यमापक, उताराची पाहणी आणि वेळेवर गाव हलवणे हेच कामाचे. पण घाटरस्ते आणि रेल्वेमार्ग यांच्यासाठी कापलेल्या उघड्या बेसाल्टाची गोष्ट निराळी आहे. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून जीवितहानी झाली होती. बेसाल्टात थंड होतानाच उभ्या भेगा पडलेल्या असतात, त्यांपैकी काही कापलेल्या भिंतीला समांतर जातात, आणि वरून रडार फिरवले तर नेमक्या त्याच निसटतात. ग्रनोबलच्या कड्यांवर जसे झाले तसे अँटेना भिंतीवरच लावून काम करणे इथे योग्य ठरेल. एकच रेषा पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजली, तर कोरड्या असताना पुसट असलेल्या ज्या फटी पाणी भरल्यावर ठळक झाल्या त्या ओळखता येतील. खडकाला बोल्ट मारणे, जाळी बसवणे आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी छिद्रे पाडणे, ही खर्चाची कामे मग सगळ्या भिंतीवर सारखी पसरण्याऐवजी त्या फटींपासून सुरू करता येतील, आणि त्याची पडताळणी दोन-तीन बोअर घेऊन पहिल्याच वर्षी होऊ शकेल.